झेंडा हाताला लागू दे

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद,
आपलं मंडळ, लष्कर, ग्वाल्हेर.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत शंभर फुटी ध्वजस्तंभाचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला होता. "जरा थांबून विचार करू या" एवढं म्हणाले असेन-नसेन, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, तुम्हाला देशाचा अभिमान नाही का?" टाळ्या पडल्या. मी खाली बसले. असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, दिलं तर ते सारवासारव वाटतं. मग चहा झाला, आणि ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाल्याचं इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्या 'सर्वां'मध्ये मी नव्हते, हे आधी नोंदवून घ्या. राहिलेलं उत्तर आता घरी पंख्याखाली बसून लिहिते आहे. फळ्यावर लावलंत तर उत्तम. नाही लावलंत तरी सभासदांच्या हाती ते पोचेलच, म्हणून पत्र खुलं.

नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पण पटांगणातला झेंडा गेली सत्तावीस वर्षं मी बांधते. त्याआधी माझे वडील बांधायचे. ते गेले त्या वर्षी, उद्या झेंडा बांधणार कोण, हे चौदा ऑगस्टच्या रात्री नऊ वाजता लोकांच्या लक्षात आलं. तेव्हाचे कार्यवाह आमच्या दारात येऊन उभे राहिले. बापाचं बघून शिकलेलं कुणी असेल तर ती हीच, असा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबर होता. तेव्हापासून हे काम माझ्याकडे. झेंडा फडकवण्याचा मान मात्र दरवर्षी पाहुण्यांचा. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण आज तो विषय नाही.

सभेत कुणीतरी म्हणालं, नव्या खांबाला मोटार असेल, बटण दाबलं की काम झालं, बांधाबांधीची कटकट नको. म्हणून ती कटकट काय असते ते एकदा सांगून टाकते.

झेंड्याच्या डाव्या कडेला जाड कापडाचा नेफा असतो. त्यातून दोरी गेलेली असते आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची बोटभर खुंटी. खुंटी ज्या बाजूला तो केशरी. अंधारात, वीज गेलेली असताना, नुसत्या बोटांनी चाचपून वर-खाली ओळखायचं ते या खुंटीवरून. मग कुणालातरी हाक मारायची, कारण हे एकट्याचं काम नाही. दोघांनी कापड ताणून धरायचं, आडव्या घड्या घालायच्या, मध्ये पाकळ्या ठेवायच्या. पाकळ्या कोरड्या हव्यात. ऑगस्टात फुलं दमट असतात, ती तशीच ठेवली तर झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या पट्ट्यावर बसतो आणि मग तो झेंडा वापरता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाकळ्या वाळत पडलेल्या असतात, आणि घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात. पाकळ्याही ओंजळभरच. हौशी लोक किलोभर भरतात, मग झेंडा उघडत नाही, नुसता पोत्यासारखा लोंबतो.

शेवटी गाठ. ती सुरगाठ हवी. खाली दोरीला हिसका बसला की सुटली पाहिजे आणि रात्रीतून वारा आला म्हणून सुटता कामा नये. वडील म्हणायचे, घट्ट बांधायला कुणालाही येतं, सुटेल अशी बांधायला शिक.

एका वर्षी, साल लिहीत नाही, माझ्या हातून तीच निरगाठ बसली. रात्रभर पाऊस होता, सुती दोरी भिजून फुगली होती. सकाळी पाहुण्यांनी दोरी ओढली. वर गाठोडं तसंच. पुन्हा ओढली. पेटीवर बसलेल्या मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, राष्ट्रगीताचा सूर धरू की थांबू? मी जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात दहावीतला एक पोरगा चपला काढून पाइपाला बिलगला आणि सरसर वर गेला. अठरा फूट. एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताच्या नखांनी त्याने गाठ सोडवली. झेंडा त्याच्या डोक्यावरच उघडला, केसांत पाकळ्या, आणि त्याला तिथून सलामीही देता येईना, हात सोडला असता तर पडला असता. त्या वर्षीचे पाहुणे कोण होते, हे मला आठवत नाही. तुमच्यातही कुणाला आठवत नसेल. तो मुलगा आता बंगळूरला असतो. दिवाळीला आला की पटांगणात येऊन त्या पाइपाला हात लावतो आणि मला विचारतो, "काकू, गाठ नीट बांधता ना हल्ली?"

आता तुमच्या खांबाबद्दल.

उंचीचं कारण सभेत असं सांगितलं गेलं की तो बाड्यावरून, गावच्या मुख्य चौकातून, दिसला पाहिजे. आपल्या गावात किल्ला आहे. त्याचा डोंगरच गावाच्या वर तीनशेएक फूट उभा आहे. त्याच्या पायथ्याशी आपले शंभर फूट म्हणजे हत्तीशेजारी उभं राहून टाचा उंचावण्यासारखं. हे गमतीने लिहिते आहे, पुढचं मात्र गमतीचं नाही.

दरपत्रकात झेंडा तीस बाय वीस फुटांचा आहे. सरकारच्या ध्वजसंहितेत नऊ आकारांचा तक्ता आहे. सगळ्यात लहान मेजावर ठेवायचा, १५० गुणिले १०० मिलिमीटर, आणि सगळ्यात मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण एकवीस फूट बाय चौदा. आपण त्याच्याही पुढे चाललो आहोत. एवढं कापड खादीचं असेल तर पावसात भिजून खांबाला झेपत नाही, म्हणून ते पॉलिस्टरचं. आणि वैशाखात ग्वाल्हेरची हवा काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे, दिवसभर लू, आणि संध्याकाळी पिवळी आँधी उठली की गच्चीवरचे पत्रे उडतात. शंभर फुटांवर त्या वाऱ्याला अडवायला काही नसतं. अटारीच्या सीमेवर २०१७ साली ३६० फूट उंच खांबावर तिरंगा चढवला होता. तो वाऱ्याने पुन्हा पुन्हा फाटला, बदलावा लागला, मध्यंतरी खांब नुसताच उभा होता. ते तर सरकारी काम, हाताशी यंत्रणा असलेलं. आपल्याकडे ऑफिसातला ट्यूबलाइट बदलायला तीन महिने लागतात.

फाटलेला किंवा मळका झेंडा लावू नये असं संहिता सांगते. झेंड्याचा अपमान केल्यास १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा बाजूला ठेवा. मे महिन्यात रात्री अकराला आँधी आली, मंडळाचं ऑफिस बंद, मोटारीची किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाह पुण्याला मुलाकडे गेलेले, तर तो झेंडा खाली कोण घेणार? हा प्रश्न मी सभेत विचारणार होते. उत्तर कुणाकडे असेल तर आता लिहून द्या.

तुम्ही म्हणाल, आता रात्रीही लावायला परवानगी आहे, उतरवायचाच कशाला. आहे, खरं आहे. मोठ्या खांबांवर प्रकाशझोत ठेवून रात्री झेंडा ठेवायला २००९ च्या अखेरीस मुभा मिळाली, आणि जुलै २०२२ पासून आपल्यासारख्या नागरिकांनाही दिवस-रात्र लावता येतो. पण मुभा मिळाली म्हणजे उतरवण्याची रीतच मोडीत काढावी असं नाही. चढवताना झपाट्याने चढवावा आणि उतरवताना सावकाश, इतमामाने उतरवावा, हे वाक्य त्याच संहितेत आहे. आणि मला विचाराल तर माझ्या वर्षातली सगळ्यात आवडती वेळ पंधरा ऑगस्टच्या सकाळची नव्हे. ती संध्याकाळची. तेव्हा पटांगणात कुणी नसतं. लाडवांचे द्रोण कोपऱ्यात, खुर्च्या मंडपवाल्याने नेलेल्या. मी आणि चौकीदार दोघंच. तो दोरी सोडतो, मी दोन्ही हात पसरून उभी राहते आणि दिवसभराच्या उन्हाने तापलेलं कापड हातांवर येतं. केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या मागे घालायचा, मग दोन्ही बाजूंनी आत दुमडत यायचं, शेवटी वर फक्त चक्र राहतं. तशीच घडी दोन्ही तळव्यांवर ठेवून घरी आणते. आमची गल्ली अरुंद, समोरून स्कूटरवाला आला तर तोही हॉर्न न वाजवता थांबतो. रिमोटवरून हे कसं करणार आहात?

पॉलिस्टरवरही माझा सरसकट राग नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर केलेला आणि पॉलिस्टरचा झेंडा चालू लागला. पुढच्या ऑगस्टात 'हर घर तिरंगा'च्या वेळी पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता. आमच्या भाजीवालीने तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा झेंडा विकत घेतला आणि गाड्यावर, वजनकाट्याच्या वर, बांबूला बांधला. त्या झेंड्याला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? ती पंचवीस रुपये देते तेव्हा तिच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. आपल्यापुढे आहे, आणि तोही चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून आपल्याला लाज वाटली पाहिजे.

जीवाजीगंजला मध्य भारत खादी संघ आहे, तुम्ही सगळे त्या रस्त्याने जाता. तिथे तिरंगा शिवला जातो, मानक चिन्हाचा, खादीचा. असा झेंडा करणारी ठिकाणं अख्ख्या देशात बोटांवर मोजण्याइतकी. हुबळीजवळचं बेंगेरी त्यातलं एक आणि आपलं ग्वाल्हेर एक. भारतीय मानकांच्या यादीतलं पहिलं मानक, आय. एस. १, हे कशाचं आहे माहीत आहे? सिमेंटचं नाही, लोखंडाचं नाही. राष्ट्रध्वजाचं. देश नवा होता, हजार गोष्टी ठरवायच्या होत्या, आणि मोजमापाच्या वहीत पहिल्या पानावर हे कापड घेतलं. सूत किती पिळाचं, दोरे किती, रंग उन्हात किती टिकला पाहिजे, लांबी-रुंदी तीनास दोन, चक्राचे आरे चोवीस. चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर तंतोतंत पडलं पाहिजे. उजेडात धरून बघा, खऱ्या झेंड्यात चक्र एकच दिसतं. आपल्या ऑफिसच्या कपाटात गेल्या वर्षी देणगीत आलेला चकचकीत झेंडा आहे, त्यात दोन दिसतात, एक जरा सरकलेलं. तुम्ही पाहिलं नसेल, कारण तुम्ही तो कधी हातात घेतलेला नाही.

मी एकदा शेजारच्या चार मुलींना घेऊन तिथे गेले होते. शिवणाऱ्या बहुतेक बायका. तिन्ही पट्टे जोडणारी शिवण सरळ आली की नाही हे बघायला त्यातली एक कापड दाराशी उन्हात नेत होती. आमच्यातल्या एका मुलीने तिला विचारलं, तुम्ही शिवलेला झेंडा कुठे लागतो ते तुम्हाला कळतं का? ती हसली. म्हणाली, "बेटा, जहाँ भी दिखे, अपना ही समझती हूँ।" अभिमान कशाला म्हणायचं हे मला कुणी विचारलं तर मला आधी ती बाई आठवते. त्या दरपत्रकातला आकडा ऐकून माझ्या शेजारच्या काकू नुसतं "अगो बाई" म्हणाल्या होत्या. तेवढ्या पैशांत त्या शिवणाऱ्या बाईच्या हातचे झेंडे आपल्याला कित्येक वर्षं पुरले असते.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीत झेंड्याचा ठराव आला तेव्हा पंडित नेहरूंनी सभागृहापुढे दोन झेंडे ठेवले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. आकाशाला भिडणारा खांब त्यांनी दाखवला नाही. हातात धरता येईल असं कापड दाखवलं. त्याच्याही आधीची गोष्ट नागपूरची. १९२३ चा मे महिना, चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायला बंदी. लोक रोज जथ्याने निघायचे, रोज पकडले जायचे. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई आले, आणि ऑगस्टात मिरवणूक त्याच रस्त्याने झेंड्यासकट गेली. ठिणगी आधी आपल्या जबलपूरला पडली होती. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून आठवत असेल. ९ सप्टेंबर १९४२, वय पंधरा. पोलीस झेंडा सोड म्हणत होते, त्याने सोडला नाही. त्या मुलाच्या हातातला झेंडा किती उंच होता? त्याच्या हाताएवढा.

आता जरा आपल्याच घरातलं बोलते, आणि ते काहींना रुचणार नाही. आपण ग्वाल्हेरची मराठी माणसं. आपल्या आज्या-पणज्यांचं पोट शिंदे सरकारच्या चाकरीवर होतं. कुणी सरदार, कुणी कारकून, कुणी पागेत, कुणी मुदपाकखान्यात. माझे आजोबा महसुलात होते. त्यांच्या कपाटात सूर्य आणि नागांचा संस्थानी झेंडा होता, आणि गल्लीतली पोरं तिरंगा घेऊन फिरायला लागली तेव्हा आजोबांनी माझ्या वडिलांना दोन दिवस घरात कोंडून ठेवलं होतं. भीती नोकरीची होती. २८ मे १९४८ ला संस्थानं एकत्र होऊन मध्य भारत राज्य झालं, महाराज त्याचे राजप्रमुख झाले, आणि मगच आमच्या घरात तिरंगा आला, तोही वडिलांच्या पैशांनी. आजोबांनी त्याला हात लावला नाही. पण काही वर्षांनी, वडील गावाला गेलेले असताना, पेटीतल्या त्या झेंड्याला डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कुणी ठेवला, हे घरात कुणी कबूल केलं नाही. आजीने पाला काढलेला नव्हता, आई माहेरी होती. राहिलं कोण ते तुम्हीच बघा. मला हे सांगायला संकोच वाटत नाही. झेंडा घरात आला की लगेच मनात येतो असं नसतं. वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यासाठी कापड हाताशी असावं लागतं.

कितीतरी वर्षं सामान्य माणसाला आपल्या घरावर रोज झेंडा लावता येत नव्हता, हे आताच्या मुलांना खरंही वाटत नाही. रायगढला, तेव्हा ते मध्य प्रदेशातच होतं, नवीन जिंदाल यांनी कारखान्यावर झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, ते कोर्टात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने झेंडा लावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. हक्क आहे म्हणजे तो कसा बजावायचा हे माझं मी ठरवणार. मी तो अठरा फुटांवर बजावीन. कुणाला वाटलं की अठरा फूट अभिमान शंभर फूट अभिमानापेक्षा ब्याऐंशी फुटांनी कमी पडतो, तर तो हिशोब त्याचा.

आणखी एक गोष्ट, जी दरपत्रकात दिसत नाही. आपल्या पटांगणात वर्षभर जे चालतं ते आपलं असतं. गणपती, कीर्तन, कोजागरी, नाटक. फाटकाबाहेरची माणसं फाटकाबाहेर. त्यात वाईट काही नाही, परमुलखात आपली भाषा टिकवायची तर एक अंगण लागतं. पण वर्षातून दोनदा ते फाटक सताड उघडं असतं आणि गल्ली आत येते. कोपऱ्यावरचे शिंपीचाचा येतात, नमाजाची टोपी घालूनच. चौकीदाराची बायको पदर डोक्यावरून घेऊन शेवटच्या रांगेत उभी राहते. समोरचे सिंधी आजोबा येतात, आता नव्वदीच्या घरात आहेत, फाळणीनंतर आई-बापांचं बोट धरून इथे आले. सगळ्यात जास्त वेळ ताठ उभे तेच असतात, आणि राष्ट्रगीतात 'सिंध' शब्द आला की डोळे मिटतात. मी कधी विचारलं नाही. त्या अंगणात आपलं नसलेलं, आणि म्हणून सगळ्यांचं असलेलं, ते एकच कापड आहे.

नव्या आराखड्यात खांबाभोवती दहा फुटांचा ओटा आणि स्टीलचं कुंपण आहे. 'सुरक्षेसाठी'. शिवाय ग्रॅनाइटची कोनशिला, तिच्यावर कार्यकारिणीची नावं. मोजली मी, सतरा. म्हणजे गल्ली आत आली तरी कुंपणाच्या बाहेरून मान वर करून बघणार, आणि सरळ बघितलं तर तुमची नावं वाचणार.

गेल्या सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी मी दोरी तपासत होते. चौकीदाराची मुलगी, नऊ वर्षांची, कधीपासून खांबाशी घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "मौसीजी, एक बार मैं खींचूँ क्या?" रिकामी दोरी होती. म्हटलं, खींच. तिने पायांत अंतर घेतलं, जसं पाहुणे घेतात, आणि अशी काही ओढली की वरची कप्पी किंचाळली. मग वर बघून कपाळाला हात लावला. वर काही नव्हतं. मी तिथेच ठरवलं की हिला गाठ शिकवायची. निम्मी शिकली आहे. घडी उत्तम घालते, सुरगाठीत अजून अंगठा अडकतो.

तेव्हा माझं मागणं असं. स्तंभाचा ठराव स्थगित ठेवा आणि विशेष सभा बोलवा, त्यात मतं हात वर करून मोजा आणि विरोधातलीही लिहा. अठरा फुटी पाइपाला नवा रंग द्या, पायाशी गंजला आहे तेवढा भाग वेल्डरकडून बदलून घ्या. दरवर्षी एक नवा झेंडा जीवाजीगंजहून आणा, पावती मंडळाच्या नावाने. जुने चार माझ्या पेटीत आहेत, त्यांचं काय करायचं ते संहितेत दिलं आहे, एकांतात, आदराने, शक्यतो जाळून. ते मी एकटीने करणार नाही, कार्यकारिणीतले दोघं तरी या. आणि दोरी कोणी ओढायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठ्या सभासदांच्या असाव्यात, तशा फाटकातून येणाऱ्यांच्याही. पाहुण्यांना बोलवा, त्यांना खुर्ची द्या, लाडू द्या.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या ध्वजारोहणात फरक काय, हा संदेश दरवर्षी आपल्या ग्रुपवर फिरतो आणि त्याखाली पन्नास नमस्कार येतात. त्या पन्नासांतल्या दोघांनाही झेंडा बांधता येत नाही. माझे गुडघे आता कुरकुरतात, सत्तावीस वर्षं झाली. माझे वडील गेले त्या वर्षीसारखी, चौदा तारखेच्या रात्री नऊला कुणाच्या दारात जायची वेळ मंडळावर परत येऊ नये, एवढं मला वाटतं.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी पटांगणात असेन. कप्पीला तेल घालायचं आहे आणि दोरी बदलायची आहे, चाळीस फूट सुती दोरी आणून ठेवली आहे. शिडीचं चौकीदाराला सांगितलं आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी या, मुलांना आणा. सरावाला झेंडा वापरायचा नाही, माझी एक जुनी ओढणी आहे, तिच्यावर गाठ चांगली बसते.

आपली,
एक सभासद